फिरत्या लाकडाची भीती

कळंबच्या एका आडत व्यापाऱ्यानं मोबाईलवरचा फोटो माझ्यापुढं धरला, तेव्हा मी भ्याले. फोटोत भिण्यासारखं काहीच नव्हतं. सागवानी देव्हारा, चार कोपऱ्यांना चार गोल खांब आणि प्रत्येक खांबाला खालून वरपर्यंत वेढत गेलेली पानांची वेल. लेकीच्या लग्नात द्यायला त्यांना हुबेहूब तसाच देव्हारा हवा होता.

"वेल चिकटवलेली नको बरं का," ते म्हणाले. "लाकडातूनच उगवल्यागत दिसली पाहिजे."

मी "बघते" म्हणाले. पण खांब बघताक्षणीच मला कळलं होतं, की हे काम घ्यायचं तर लाकूड फिरवावं लागणार. आणि फिरणाऱ्या गोष्टींची मला लहानपणापासून भीती आहे.

परंड्यात आमच्या घराच्या मागं पत्र्याचं शेड आहे. तिथं मी आणि माझ्या नवऱ्यानं मिळून जुळवलेलं एक छोटं सीएनसी मशीन आहे. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, लाकडाची फळी टेबलावर आवळायची, की मशीनचं डोकं आपोआप सरकत ती नक्षी कोरून काढतं. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलेलं, नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. वायरिंग माझं, नटबोल्ट त्याचं. दारावरच्या नावाच्या पाट्या, भिंतीवरची घड्याळं, सोनारीच्या देवळाबाहेरच्या दुकानांत विकायला भैरवनाथाचे मुखवटे अशी कामं मी करायचे. सगळं सपाट काम. मशीनचं डोकं डावीउजवीकडं जाई, पुढंमागं जाई, वरखाली होई. फिरायचं ते फक्त लाकूड कापणारं पातं. ते पेन्सिलीच्या टोकाएवढं, त्यावर झाकण, आणि मी सांगेन तिथंच जाणारं. त्याच्याशी मी जुळवून घेतलं होतं.

गोल खांबाला सगळ्या बाजूंनी कोरायचं तर पात्याखाली लाकूडच गोल फिरायला हवं. त्यासाठी मशीनला आणखी एक अंग जोडावं लागतं. एका टोकाला लाकूड जबड्यात धरणारा लोखंडी चक, दुसऱ्या टोकाला टेकण आणि चक फिरवायला मोटार. त्याला सगळे रोटरी म्हणतात.

"जोडून टाकू की," नवरा म्हणाला. "आज ना उद्या लागणारच हुतं."

तो माझ्याकडं बघत राहिला आणि मग त्याला आठवलं. त्यालाही माझ्या आईची गोष्ट माहीत होती.

मी सहावीत होते. कळंबजवळच्या आमच्या गावी रानात ज्वारीची मळणी चालू होती. ट्रॅक्टरची ताकद मळणी यंत्राला देणारा एक लोखंडी दांडा दोघांच्या मधोमध फिरत असतो. तो इतक्या वेगानं फिरतो, की बघणाऱ्याला तो थांबलेलाच वाटतो. आई कणसांची पाटी घेऊन त्याच्याजवळून गेली, वारं सुटलं आणि तिचा पदर उडाला. पदर ओढला गेला तसा तो सोडवायला तिनं डावा हात घातला. मी बघितलं ते एवढंच. पुढचं सगळं मला आवाजानं आठवतं. यंत्राचा एकसुरी आवाज एकदम जड झाला, घशात काही अडकल्यासारखा. मग ट्रॅक्टरवाल्याची आरोळी, आणि मग सगळं गप्प. मी कडब्याच्या पेंडीला धरून उन्हात उभी होते. आई सोलापूरच्या दवाखान्यातून परत आली, तेव्हा तिचा डावा हात कोपरापाशी संपत होता.

तेव्हापासून मी पिठाच्या गिरणीत आत जात नाही, डबा दारातून देते. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ दिसलं की रस्ता ओलांडते. लोक विचारतात, मग मशीनचंच काम का धरलंस? मला त्याचं नीट उत्तर देता येत नाही. तारा, दिवे, बोर्ड ह्यांची मला कधीच भीती वाटली नाही. ते जागचे हलत नाहीत.

रोटरीचं खोकं कुरिअरनं आलं आणि दोन दिवस शेडमध्ये तसंच पडून राहिलं. नवऱ्यानं सुट्टीच्या दिवशी ते फोडलं. चक तळहातापेक्षा थोडा मोठा, चार जबड्यांचा, तेलाच्या वासाचा. मोटार चौकोनी, काळी. त्यानं टेबलाला भोकं पाडून सगळं बसवलं, मोटारीचा आणि चकाचा पट्टा ताणला आणि हात पुसत म्हणाला, "बैलगाडीचं चाक ह्याच्यापेक्षा जोरात फिरतंय. उगं भिऊ नको."

त्याचं खरं होतं. ह्या मोटारीला स्टेपर म्हणतात. ती पंख्याच्या मोटारीसारखी भणभणत नाही. तिला एक इशारा दिला की ती एक बारीकसं पाऊल पुढं सरकते आणि तिथंच थांबते. पुढचा इशारा, पुढचं पाऊल. जोडायलाही मला फार अवघड गेलं नाही. डोकं पुढंमागं सरकवणाऱ्या मोटारीची वायर काढायची आणि ती ह्या मोटारीला लावायची. मशीनला वाटतं आपण सरळ रेषेत चाललोय, प्रत्यक्षात लाकूड गोल फिरत असतं. पहिल्यांदा चक फिरला तेव्हा मी भिंतीला पाठ लावून उभी होते. घड्याळाच्या काट्याला कुणी घाईला लावावं तसा तो टकटकत फिरला. नवरा हसला. मला जरा हायसं वाटलं.

मग त्यानं चक थांबवला आणि म्हणाला, "आता हातानं फिरवून बघ."

मी हात लावला. चक हलेना. दोन्ही हातांनी धरला, सगळा जोर लावला, तरी तसूभरही सरकेना. वीज चालू असेल तोवर, थांबलेली असतानाही ती मोटार आपली जागा सोडत नाही, तसंच तिचं काम असतं. मी हे पुस्तकात वाचलं होतं. पण हाताला ते कळलं तेव्हा मी चक सोडून दिला. हळू फिरते म्हणजे गरीब असते असं नव्हे. तिच्या मध्ये काही आलं तर ती थांबणार नव्हती. तिच्याजवळ मध्ये काय आलंय हे ओळखायला काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच शेडमध्ये होते. मेन स्विच बंद होता. चकात कडुनिंबाचा एक ओंडका धरायचा म्हणून मी चक हातानं गरकन फिरवला, आणि मोटारीच्या बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकला. मी हात मागं घेतला. स्विच बघितला. बंद. प्लग बघितला. तोही काढलेला. पुन्हा चक फिरवला, पुन्हा दिवा लागला आणि विझला. सायकलच्या डायनामोसारखं आहे ते. मोटार हातानं फिरवली तर तीच थोडी वीज तयार करते. हे सगळं मला माहीत असूनही मी शेडच्या बाहेर येऊन उन्हात उभी राहिले. बंद म्हणजे बंद, ह्या एका गोष्टीवर मी आजवर मशीनजवळ उभी राहत आले होते.

त्यानंतर आणखी एक गोष्ट सुरू झाली. पातं फिरवणारा राऊटर चालू केला की चक शहारायचा. कुणी हुकूम दिलेला नसताना केसभर इकडं, केसभर तिकडं. मी वायरी बदलल्या, जोड घट्ट केले, काही उपयोग झाला नाही. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "लाकडाला थंडी वाजायलीय का?" मग त्याच्या डोळ्यांदेखत तसं झालं आणि त्याचं हसू गेलं. "सुट्टीला बसून शोधू," एवढंच म्हणाला.

तरी काम थांबवता येत नव्हतं. लग्न जवळ येत होतं. कडुनिंबाच्या ओंडक्यावर वेल ठीक उमटली, म्हणून मी सागवानाचा पहिला खांब चढवला. मशीनजवळ जायचं म्हणजे माझी एक तयारी असायची. ओढणी घरात, बांगड्या डब्यात, केस बांधून टोपीत. एवढं करूनही चक फिरायला लागला की माझ्या डाव्या कोपरात कळ यायची. ती कळ कुठून येते हे मला ठाऊक होतं, म्हणून मी कुणाला सांगत नव्हते.

अशात आई आली. ती दरवर्षी शिमग्याच्या आधी माझ्याकडं येते आणि सोनारीची यात्रा झाली की परत जाते. भैरवनाथासाठी येते असंच मी समजत होते. एसटीतून उतरली ती एका हातात पिशवी आणि पदर कमरेला खोचलेला. अपघातानंतर मी तिचा पदर मोकळा सुटलेला कधीच बघितला नाही.

संध्याकाळी चहा पिताना ती म्हणाली, "जावईबापू सांगत हुते, नवीन काय तरी बसवलंय म्हून."

"हां. लाकूड फिरवायचं हाय."

"फिरवायचं?" तिनं कप खाली ठेवला. "मला दाव की."

"नको आई."

"का नको?"

"धूळ लई उडते तिथं."

तिनं माझ्याकडं बघितलं. "मी काय धूळ बघितली न्हाय व्हय?"

मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा मी मशीन बंद पडलंय असं खोटं सांगितलं. पण पत्र्याच्या शेडमधला आवाज घरात ऐकू येतो. तिनं पुन्हा विचारलं नाही. मी मात्र शेडला आतून कडी घालून काम करायला लागले, आणि बाहेर आले की बाहेरून कडी. आईचा पदर आणि तो चक एका खोलीत आहेत, हे चित्र मला दिवसा जागेपणी दिसायचं. भाकरी थापताना दिसायचं. आई एका हातानं भाकरी थापते, माझ्यापेक्षा गोल, आणि तिच्या हाताकडं बघता बघता मला चकाचे जबडे दिसायचे.

ते घडलं त्या दिवशी नवरा ड्यूटीवर होता. दुपारी जेवणं झाली, आई आतल्या खोलीत आडवी झाली आणि मी शेडमध्ये जाऊन पहिला खांब चालू केला. वेल अर्ध्यावर आली होती. पानांच्या शिरा दिसायला लागल्या होत्या. माझं लक्ष पहिल्यांदाच चकाऐवजी लाकडाकडं होतं. तेवढ्यात लाईट गेली.

राऊटर घरघरत थांबला, चक थांबला. पातं लाकडातच रुतून राहिलं. उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याकडं लाईट जायची काही वेळ नसते, कधी लगेच येते, कधी संध्याकाळपर्यंत नाही. तेवढ्यात पुढच्या दारात गॅसवाल्यानं हाक मारली. मी टोपी काढली, घरातल्या दोरीवरची ओढणी अंगावर घेतली आणि पुढं गेले. शेडला कडी घातली नाही. लाईटच नाही तर काय हलणार, असं मनात आलं.

एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. रोटरीचं चित्र काढायला जुना कॉम्प्युटर पुरत नव्हता, म्हणून मी नुकताच लॅपटॉप जोडला होता. जुना कॉम्प्युटर लाईटबरोबर बंद पडायचा. लॅपटॉप बॅटरीवर चालतो. मोटारी मेल्या होत्या, पण त्यांना हुकूम देणारा जागाच होता. रिकाम्या मोटारींना तो इशारे देत राहिला होता, पान कोरा, पुढं सरका, फिरवा. आणि राऊटरचं बटण चालूच होतं.

गॅसवाला सिलिंडर ठेवून गेला. मी दार लावत होते आणि डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. शेजारची बोअरची मोटार सुरू झाली. मग घराच्या मागून राऊटरचा आवाज आला. तो पहिल्यांदा नेहमीसारखा बारीक होता आणि लगेच जड झाला. घशात काही अडकल्यासारखा.

मी मागच्या दारातून शेडपर्यंत कशी गेले ते मला आठवत नाही. दारात पाऊल ठेवलं आणि आई दिसली. मशीनच्या पलीकडं, टेबल आणि पत्रा यांच्यामधल्या अरुंद जागेत ती पत्र्याला पाठ चिकटवून उभी होती. पदराचं टोक तिनं दातांत घट्ट धरलं होतं. उजव्या हातानं बाकीचा पदर पोटाशी गोळा करून आवळला होता. तिच्या पुढ्यात खांब फिरत होता. चुकीच्या जागी फिरत होता, त्यामुळं पातं वेलीतून आडवं शिरत होतं, लाकूड जळत होतं आणि सगळ्या शेडमध्ये धूर झाला होता. चकाच्या बाजूनं बाहेर पडायची वाट होती, पण ती चकाला घासूनच जाणारी.

स्विचबोर्ड चकाच्या वरच्या भिंतीवर होता. माझ्यापासून दोन पावलांवर. मला फक्त हात लांब करायचा होता. मला ते जमेना. मी पुन्हा सहावीतली झाले होते, हातात कडब्याची पेंडी नव्हती एवढंच. धूर डोळ्यांत गेला तरी मला डोळे मिटता येईनात.

शेवटी मी हात पुढं केला. तेव्हा आई ओरडली. ओरडायला तिला पदर दातांतून सोडावा लागला.

"ओढणी टाक! आधी ओढणी टाक, गं!"

माझ्या ओढणीचं एक टोक पुढं लोंबत होतं. चकाच्या वर. मी बघितलं तेव्हा ते वितीवर होतं. मी ओढणी ओरबाडून दाराबाहेर फेकली, अंग भिंतीला घासत पुढं झाले आणि प्लग ओढून काढला. खांब थांबला. राऊटर रडत रडत बारीक होत गेला आणि गप्प झाला. लॅपटॉपच्या पडद्यावर निळी रेघ अजून पुढं सरकत होती. मी त्याचं झाकण आपटून बंद केलं, आणि तरीही भरवसा वाटेना म्हणून मोटारीची वायर उपटून काढली.

आई चकाजवळून आडवी होत बाहेर आली. मी तिला धरलं. आधी तिचा हात बघितला. मग तोंड, गळा, पदर. पदराला दातांच्या खुणा होत्या. बाकी काही नव्हतं.

आम्ही दोघी बदामाच्या झाडाखाली दगडावर बसलो. तिला गडव्यातून पाणी दिलं. मला रडू यायच्या आधी राग आला.

"कशाला गेलतीस आत? सांगितलं हुतं ना म्या तुला! सांगितलं हुतं का न्हाय?"

"बघायला गेलते."

"काय बघायचं हुतं त्यात?"

तिनं पदर पुन्हा कमरेला खोचला. मग म्हणाली, "तू रोज आतून कडी घालून बसायलीस. आत कसलं मशीन हाय, त्यात काय फिरतंय, मला ठावं न्हाय. म्या बाहेर बसून नुसता आवाज ऐकायचा. रोज वाटायचं, आता आवाज बदलतोय. आता बदलतोय." तिनं गडवा खाली ठेवला. "लाईट गेली म्हून गेले. म्हणलं, बंद हाय तवर बघून घ्यावं, माझ्या लेकीजवळ काय हाय ते."

मला वाटत होतं, आईला भीती उरलेलीच नाही. ती रानात जाते, मोटार चालू करते, एका हातानं सगळं करते. तिच्या तोंडून त्या दिवसाबद्दल मी एक शब्द कधी ऐकला नव्हता.

"तुला भ्या वाटतं?" मी विचारलं.

"वाटत न्हाय व्हय?" ती जवळजवळ चिडून म्हणाली. "मळणीच्या दिवसांत म्या गावात ऱ्हाते का कधी? दरसाली तुझ्याकडं पळून येते. यात्रेचं नाव असतंय नुसतं. तिथं कुणाच्या बी रानात मशीन लागलं की रातभर डोळा लागत न्हाय मला."

इतक्या वर्षांत मला हे कळलं नव्हतं. मी तिच्यासाठी भीत होते आणि ती माझ्यासाठी, आणि दोघी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसून तोच आवाज ऐकत होतो. मला वाटलं होतं हे कळल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. आणखी एका माणसाची भीती मला दिसायला लागली, एवढंच झालं.

नवरा आला तेव्हा मी त्याला शेडमध्ये नेलं. खांबाला आरपार जळका चर पडला होता. त्यानं चर बघितला, मग चक आणि पत्रा यांच्यातली जागा बघितली, आणि तिथल्या धुळीत आईच्या पावलांचे ठसे बघितले. तो खाली बसला.

"मामी इथं हुत्या?"

"हां."

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "काढून टाकू का हे सगळं? सांग. आत्ता काढतो."

मी हो म्हणणार होते. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "काढून काय हुतंय, जावईबापू? उद्या दुसरं काय तरी आणाल, ते बी फिरंल. लाईट आल्यावर आपूआप चालू हुऊ नये असं काय तरी करा. गिरणीला असतंय की तसलं. लाईट आली तरी हिरवं बटण दाबल्याबगर गिरणी फिरत न्हाय."

तसलं असतं. त्याला स्टार्टर म्हणतात. लाईट गेली की तो सुटतो आणि माणसानं बटण दाबेपर्यंत पुन्हा धरत नाही. मला ते शिकवलेलं होतं, नवऱ्यानं कितीतरी बसवलेले होते, पण लाकडाच्या छोट्या मशीनला तो लावावा असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी त्यानं स्टार्टर बसवला आणि स्विचबोर्ड चकापासून दूर, दाराजवळ आणला. मी लाल बटणं दोन लावली, एक दाराशी, एक पलीकडच्या पत्र्यावर. कुठलंही दाबलं तरी सगळं मरतं, राऊटर, मोटारी, सगळं. लॅपटॉपलाही त्याचा निरोप पोचतो आणि निळी रेघ थांबते. ते मी शंभर वेळा तपासलं असेल. चकाभोवती जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या पत्र्याचं खोकं केलं, आणि मशीन ओढून पत्र्यापासून एवढं लांब घेतलं की मागून बैलही जावा.

चक का शहारतो तेही त्यातच सापडलं. शेडच्या अर्थिंगची वायर भिंतीतून बाहेर येऊन नुसती मातीत खुपसलेली होती. राऊटरचा सगळा विजेचा गोंधळ मोटारीच्या वायरीत शिरत होता आणि मोटार त्यालाच हुकूम समजत होती. आम्ही खड्डा खणला, पट्टी पुरली, मीठ आणि कोळसा भरला. खड्ड्यात रोज पाणी टाकायचं काम आईनं स्वतःकडं घेतलं. मोटारीला जाळी असलेली वायर लावली. मग राऊटर चालू केला. चक दगडासारखा गप्प राहिला. मी तरी बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले.

खांब पुन्हा पहिल्यापासून केले. पहिल्या दिवशी हिरव्या बटणावर बोट ठेवलं आणि माझं बोट दाबेना. आई पलीकडच्या लाल बटणाजवळ स्टूल टाकून बसली होती, पदर खोचून, हात बटणापासून चार बोटांवर. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"बाहेर बस ना तू," मी म्हणाले.

"बाहेर लई भ्या वाटतंय," ती म्हणाली. "हितं दिसतंय तरी."

मी बटण दाबलं. लाकूड फिरायला लागलं. आम्ही दोघीही वेलीकडं बघत नव्हतो, एकमेकींच्या हातांकडं बघत होतो. पानं उमटत गेली. पहिला खांब उतरवला तेव्हा माझा कुर्ता पाठीला चिकटला होता, आणि आई स्टुलावरून उठली ती भिंतीला धरून.

चार खांब झाले. व्यापारी टेम्पो घेऊन आले, वेलीवरून बोट फिरवत म्हणाले, "कुठं जोड न्हाय, काय न्हाय. लई झ्याक." त्यांची बायको खांबाजवळ वाकून बघत होती. तिनं मला विचारलं, "दमायला होत नसेल ना हो? मशीनच सगळं करतंय." मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार होते.

भीती गेली नाही. अजूनही चक फिरायला लागला की कोपरात कळ येते. मी ती येऊ देते आणि काम करते. आई यात्रेनंतर गावी गेली. आता तिच्या गावात लाईट गेली, की तिचा फोन येतो.

"आमच्याकडं गेली. तुझ्याकडं हाय का?"

"हाय."

"मशीन चालू हाय?"

"हां, चालू हाय."

"मग फोनवर बोलू नको. ठेव."

आणि ती फोन ठेवते.